राउटरमधला फुगवटा कसा उतरवायचा

संध्याकाळचे सात वाजले की आमच्या विश्रामबागच्या घरात दोन कामं एकदम चालू होतात. खाली ताईचा दहावीच्या गणिताचा ऑनलाइन क्लास आणि वरच्या मजल्यावर चुलतभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा फोटो स्टुडिओ. लग्नसराईत दिवसभर शूट केलेलं फुटेज तो संध्याकाळी क्लाउडवर चढवायला लावतो, वीस-पंचवीस जीबी सहज असतं, आणि ते एकदा सुरू झालं की खाली पोरं ओरडायला लागतात, मॅडम आवाज तुटतोय, मॅडम फळा दिसंना. ताई मला हाक मारणार, "अरे बघ की जरा नेटला काय झालंय." नेटवाल्याला बोलावलं तर तो सकाळी अकराला आला, स्पीड टेस्ट लावली, प्लॅनचा जवळजवळ सगळा वेग येतोय म्हणून दाखवलं आणि गेला. त्याचंही चुकीचं नव्हतं, सकाळी अकराला दादा शूटवर असतो.

मग जे सगळे करतात ते आम्हीपण केलं, प्लॅन वाढवला. आधी ३० चा होता तो ५० चा घेतला, त्यात अपलोड १० चं २० झालं. फरक पडला का, तर थोडा पडला, पण क्लास तुटायचा तो तुटायचाच. दोन महिने पैसे भरल्यावर मी नीट बसलो आणि या विषयाच्या, म्हणजे राउटरमध्ये फुगणाऱ्या डेटाच्या रांगेच्या, मुळाशी गेलो. आता सांगली-मिरज भागात ओळखीच्यांची ऑफिसं, दोन अभ्यासिका, एक लॅब अशा ठिकाणी हेच लावून दिलंय आणि दर वेळी तेच तेच समजावून सांगावं लागतं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो. ज्यांच्या घरात एकजण काहीतरी मोठं चढवतो किंवा उतरवतो आणि दुसऱ्याचा कॉल मरतो, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा, चालणारा राउटर घरात असेल तर खर्च शून्य आहे, फक्त एक तास लागतो.

आधी मोजा, मग हात लावा

आयर्विन पुलाला पाणी किती फूट आहे हे बघितल्याशिवाय पावसाळ्यात आपण कुणी काही ठरवत नाही, ४० ला इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, हे सांगलीतल्या लहान पोरालाही पाठ असतं. नेटचंही तसंच करायचं, फक्त इथं फूट नाही तर मिलिसेकंद मोजायचे.

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. वायफायवर मोजू नका, वायफायची स्वतःची भानगड वेगळी असते आणि मग दोष कुणाचा ते कळत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ८.८.८.८ या गुगलच्या सर्व्हरला सतत चालणारं पिंग लावा (ping -t 8.8.8.8), छोटा निरोप जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले ते हे सांगत राहतं. घरात कुणी काही करत नसताना आकडा बघा, आमच्याकडे १४ येत होता. हा तुमचा निवांत असतानाचा आकडा, कागदावर लिहून ठेवा. मग पिंग तसंच चालू ठेवून मोठी फाईल अपलोडला लावा, ड्राइव्हवर एखादा दोन जीबीचा व्हिडिओ टाका, आणि पिंगकडे बघत बसा. आमच्याकडे पाच-सात सेकंदांत १४ चा आकडा ६४० च्या आसपास गेला आणि अपलोड संपेपर्यंत तिथंच बसून राहिला. नंतर हेच डाउनलोड लावून करा, तिथं आमच्याकडे १८० पर्यंत जायचा. दोन्ही आकडे लिहा. बफरब्लोट (ही रांग फुगण्याचं इंग्रजी नाव) टेस्ट नावानं शोधलं तर ब्राउझरमध्येच हे सगळं करून ए पासून एफ पर्यंत ग्रेड देणारी साइट मिळते, तीपण चालेल, पण पिंग डोळ्यांनी चढताना बघितलं की जे समजतं ते ग्रेडने समजत नाही.

निवांत असताना आणि लोडवर यांच्यात पंचवीस-तीस मिलिसेकंदांचा फरक असेल तर तुमचं बरं चाललंय, हे सगळं करायची गरज नाही. शंभरच्या वर गेला तर कॉलमध्ये बोलणं एकमेकांवर आदळायला लागतं. फोनवरच्या बोलण्यासाठी एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेचं मानक सांगतं, त्यात वायफाय, ॲप, समोरच्याचं नेट सगळं आलं, तेव्हा सहाशे आपल्याच घरात घालवले तर उरणार काय?

आता त्या ६४० चा जरा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमचं अपलोड मोजून १९ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) येतं. ६४० मधून १४ वजा केले, साधारण ६३० मिलिसेकंद वाट बघणं उरलं. १९ एमबीपीएसने ०.६३ सेकंदात सुमारे १२ मेगाबिट जातात, म्हणजे दीड मेगाबाइट, म्हणजे १५०० बाइटची साधारण १००० पॅकेट (नेटवर डेटा अशा छोट्या तुकड्यांत जातो). लिनक्सवर चालणाऱ्या राउटरसारख्या बऱ्याच डब्यांत रांगेची लांबी मुळातच १००० पॅकेट ठेवलेली असते! तेव्हा ताईच्या आवाजाचं चिमुकलं पॅकेट राउटरवर आलं की त्याच्यापुढे दादाच्या व्हिडिओची हजार पॅकेट उभी, ती सगळी गेल्यावर याचा नंबर. नेट फुल स्पीडने चाललंय, एक बिटही वाया जात नाहीये, आणि तरी क्लास बंद. प्लॅन वाढवून का उपयोग झाला नाही तेही इथंच कळतं, १० च्या अपलोडवर हीच हजार पॅकेटं सव्वा सेकंद घेत होती, २० वर सहाशे मिलिसेकंद घ्यायला लागली, रांग आहे तिथंच आहे.

आणि अपलोड भरलं की डाउनलोडही का मरतं, हे बऱ्याच जणांना कळत नाही. तुम्ही काहीही उतरवत असाल तर "मिळालं, पुढचं पाठव" अशी पोच सतत वर पाठवावी लागते, ती पोचपण त्याच हजारांच्या मागे उभी राहते. पोच उशिरा गेली की समोरचा सर्व्हर हात आखडता घेतो.

रांग भरते कशी

आपल्याकडचा कुणीही माणूस हे पटकन समजू शकतो कारण आपण साखर कारखान्याचं यार्ड बघितलेलं आहे. गव्हाणीची (जिथं ऊस गाळपाला टाकतात तिची) ताकद ठरलेली, तासाला अमुक टन. यार्ड किती मोठं केलं तरी गव्हाण जेवढं ओढणार तेवढंच गाळप होणार. यार्ड मोठं करण्याचा फायदा इतकाच की मध्ये दोन तास गाड्या आल्या नाहीत तरी गव्हाण रिकामी फिरत नाही. तेवढ्यापुरतं यार्ड लागतंच. पण तोडणीच्या टोळ्या वाढवत गेलो आणि यार्ड भरलेलंच राहायला लागलं तर काय होतं, ऊस जागेवर वाळतो, वजन घटतं, उतारा पडतो, आणि गाडीवान दोन दिवस तिथंच झोपतो. राउटरमध्ये पॅकेट थांबतात त्या मेमरीला बफर म्हणतात, बफर म्हणजे यार्ड. थोडा पाहिजे, कायम भरलेला नको.

मग तो कायम भरलेला का राहतो? कारण टीसीपी, ज्याच्यावर अपलोड-डाउनलोड चालतं, तो रस्ता किती रुंद आहे हे मुख्यतः एकाच पद्धतीने ओळखतो: हळूहळू वेग वाढवत जायचं आणि पॅकेट हरवलं की समजायचं आता जागा संपली, मग वेग कमी करायचा. म्हणजे रांग पूर्ण भरून सांडेपर्यंत त्याला कुणी थांब म्हणतच नाही. पूर्वी मेमरी महाग होती, बफर छोटे असायचे, लवकर सांडायचे, निरोप लवकर पोचायचा. मेमरी स्वस्त झाली तशी कंपन्यांनी डब्यात भरमसाट बफर टाकले, पॅकेट हरवणं म्हणजे वाईटच अशी समजूत होती, आणि त्यामुळे निरोप पोचायलाच अर्धा-एक सेकंद लागायला लागला. जिम गेटीस यांना २०१० मध्ये हे स्वतःच्या घरच्या कनेक्शनवर दिसलं आणि त्यांनी त्याला बफरब्लोट नाव दिलं. आपल्याकडे धरणाच्या पाण्याला जो शब्द वापरतो तोच इथं चपखल बसतो, फुगवटा. पुढे पाणी निघायला जागा नाही म्हणून मागे चढत येतं, तो फुगवटा.

गर्दीने नेट कोसळायची भीती जुनी आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग, अंतर जेमतेम ४०० यार्ड, ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर आला होता. चाळीस बिट! व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काम करून टीसीपीला गर्दी बघून मागे सरायला शिकवलं, १९८८ चा त्यांचा पेपर आहे. ते झालं पाठवणाऱ्या टोकाचं शहाणपण. आपल्याला आज बघायचंय ते मधल्या डब्याचं, रांगेतून आधी कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही.

एकाच रांगेचे तोटे, वेगळ्या रांगेचा हिशेब

सगळ्यात साधी पद्धत म्हणजे पहिला आला तो पहिला गेला. न्याय्य वाटते पण नाही, कारण ज्याने हजार पॅकेट आणून ओतली त्यालाच सगळी जागा मिळते. जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलं होतं की रांगेची जागा कितीही वाढवली तरी हा प्रश्न सुटत नाही, प्रत्येकाची वेगळी रांग करा आणि आळीपाळीने एकेक सोडा. १९८९ मध्ये ॲलन डेमर्स, आयआयटी दिल्लीत शिकलेले श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी त्याचं पक्कं गणित मांडलं, त्याला फेअर क्यूइंग म्हणतात.

आळीपाळीत एक गोम आहे. बऱ्याच कारखान्यांवर बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रक यांचे नंबर वेगळे असतात. समजा एक बैलगाडी, एक ट्रक, एक बैलगाडी, एक ट्रक असं सोडलं, तर नंबर सारखे झाले पण बैलगाडीत दीड-दोन टन आणि ट्रकात पंधराच्या वर, म्हणजे गव्हाण ट्रकवाल्यानेच खाल्ली. पॅकेटांचंही तसंच, आवाजाचं पॅकेट दोनशे बाइटचं, व्हिडिओचं पंधराशेचं. मग काय करायचं, नंबर मोजायचे नाहीत, टन मोजायचे. प्रत्येक रांगेच्या नावाने खातं उघडायचं, प्रत्येक फेरीला खात्यात ठराविक बाइट जमा करायचे, पुढचं पॅकेट तेवढ्यात बसत असेल तर सोडायचं आणि वजा करायचं, बसत नसेल तर शिल्लक पुढच्या फेरीला ओढायची. इतकं साधं आहे. याला डेफिसिट राउंड रॉबिन म्हणतात, १९९५ मध्ये एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी मांडलं, वर्गीस आयआयटी मुंबईचे. आधीचं गणित अचूक होतं पण वेगवान राउटरला प्रत्येक पॅकेटमागे करायला जड पडायचं, हे हलकं आहे, आणि तुमच्या घरातल्या हजार-दोन हजारांच्या राउटरमध्येही आज हेच चालू शकतं. मला या विषयातली सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच, एक छोटी उधारीची वही आणि काम फत्ते.

आता वेगळ्या रांगा केल्या तरी दादाची स्वतःची रांग फुगलेलीच राहणार. तिला आवरायला दुसरी युक्ती आहे, तिचं नाव कोडेल, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांची, २०१२ ची. त्याआधी १९९३ पासून रेड नावाची पद्धत होती, ती रांगेची सरासरी लांबी बघायची आणि ठराविक लांबीपुढे अधूनमधून पॅकेट टाकायची, पण लांबी किती ठेवायची हे प्रत्येक लाईनला वेगळं बसवावं लागायचं आणि ते कुणी नीट बसवायचंच नाही. कोडेलने लांबी बघायची सोडली आणि वेळ बघायला घेतला. यार्डात किती गाड्या आहेत हे विचारायचंच नाही, गव्हाणीपाशी आलेल्या गाडीच्या चिठ्ठीवरची वेळ बघायची, ऊस किती वेळ उभा होता. पॅकेट ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबलेलं आहे, आणि हे सलग १०० मिलिसेकंद चाललंय, म्हणजे रांग क्षणिक नाही, मुक्काम ठोकून बसलीये. मग एक पॅकेट टाकून द्यायचं. तरी उतरलं नाही तर पुढचं जरा लवकर, त्यापुढचं अजून लवकर. पाठवणाऱ्याला निरोप मिळतो, तो वेग कमी करतो, रांग उतरते. पॅकेट टाकलं म्हणून घाबरायचं कारण नाही, ते परत पाठवलं जातं, दादाच्या फाईलचं काही बिघडत नाही. दोन्ही टोकांना ईसीएन (गर्दीची खूण ओळखायची सोय) चालू असेल तर टाकायचीही गरज नाही, पॅकेटवर नुसती खूण करून सोडतात.

या दोन्ही एकत्र केल्या की एफक्यू-कोडेल, लिनक्सच्या ३.५ आवृत्तीत २०१२ पासून आहे. त्यात १०२४ रांगा असतात, प्रत्येक कनेक्शन आपोआप एखाद्या रांगेत पडतं, आणि जी रांग नुकतीच उगवली आणि जिच्यात थोडंच काही आहे तिला आधी सोडतात. आवाजाचा कॉल साधारण सेकंदाला ५० छोटी पॅकेट पाठवतो, कधीच रांग लावून बसत नाही, त्यामुळे तो न सांगता पुढे निघतो. याचाच पुढचा भाऊ म्हणजे केक, लिनक्स ४.१९ पासून, म्हणजे २०१८ पासून आत आलेला, आणि घरासाठी मी डोळे झाकून तोच लावतो.

रांग आपल्या दारात आणायची

इथं नीट लक्ष द्या, कारण हे चुकलं तर वरचं सगळं असून उपयोग नाही. रांग तिथंच साठते जिथं रस्ता सगळ्यात अरुंद आहे. तुमच्या राउटरची केबल एक गिगाबिटची, पुढे नेटवाल्याचा फायबरचा डबा, तो २० वर आवळलेला. तुमच्या राउटरमध्ये कधी रांग लागतच नाही, तो हजार पॅकेट क्षणात पुढच्या डब्यात ढकलतो आणि रांग तिथं लागते, जिथं तुमचा हात पोचत नाही. म्हणून आपल्या राउटरला सांगायचं की तू १९ नाही, १७ नेच सोड. मग अरुंद जागा तुमच्या राउटरची होते, रांग तुमच्या ताब्यात येते आणि केक तिचं काय करायचं ते करतो. दहा टक्के वेग सोडायला लोकांचा जीव तुटतो हे मला माहितीये, पण हिशेब बघा: २० जीबी चढवायला १९ ने दोन तास वीस मिनिटं लागतात, १७ ने दोन तास सदतीस. सतरा मिनिटं जास्त, आणि तेवढ्या अडीच तासांत बाकी घर सुखाने नेट वापरतं.

डाउनलोडचं जरा तिरकं आहे, कारण ती रांग नेटवाल्याच्या बाजूला लागते आणि पॅकेट तुमच्यापर्यंत आल्यावर तुम्ही काय अडवणार. तरी आवळायचं. तुम्ही इकडे जरा कमी वेगाने घेतलं आणि अधूनमधून एखादं टाकलं की समोरचा सर्व्हर वेग कमी करतो आणि पलीकडची रांग भरतच नाही. अपलोडइतकं घट्ट बसत नाही, पण चालतं.

ओपनडब्ल्यूआरटीवर लावायची कृती

नेटवाल्याने दिलेल्या डब्यात बहुतेक हे नसतं. क्यूओएस (कुणाला आधी सोडायचं ते ठरवणारं) म्हणून बटण असतं काही डब्यांत, पण ते आत काय करतं ते दिसत नाही, मी त्याच्या भरवशावर राहत नाही. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर) चालणारा राउटर घ्या, त्यांच्या साइटवर चालणाऱ्या मॉडेलची यादी आहे, विकत घ्यायच्या आधी मॉडेल आणि त्याची आवृत्ती दोन्ही जुळवून बघा कारण एकाच नावाच्या डब्याच्या वेगळ्या आवृत्तीत वेगळी चिप निघते.

ओपनडब्ल्यूआरटी टाकून झालं की राउटरच्या पानावर लॉगिन करा, सिस्टिम मेनूत सॉफ्टवेअर, तिथं यादी अपडेट करा, आणि एसक्यूएम (रांगा सांभाळणारा भाग) शोधा. लुसी-ॲप-एसक्यूएम (luci-app-sqm) नावाचं पॅकेज येईल ते टाका, बाकी लागणारं तोच ओढून घेतो. पान रिफ्रेश केलं की नेटवर्क मेनूत एसक्यूएम क्यूओएस दिसायला लागेल.

त्यात शिरायच्या आधी नेटवर्कमधल्या फायरवॉलमध्ये जाऊन ऑफलोडिंगचे पर्याय, सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर दोन्ही, बंद करा. ऑफलोडिंग म्हणजे पॅकेटांना बायपास रस्त्याने काढून देणं, हार्डवेअरचं चालू राहिलं तर पॅकेट रांगेकडे फिरकतच नाहीत आणि तुम्ही म्हणणार सगळं लावलं तरी काही होईना. मिरजेच्या एका अभ्यासिकेत मी दीड तास यातच घालवला होता.

आता एसक्यूएमच्या पानावर: इंटरफेस नेटकडे जाणारा निवडा, वॅन. युजरनेम-पासवर्डने नेट जोडत असाल तर पीपीपीओई-वॅन. डाउनलोड आणि अपलोडच्या रकान्यात किलोबिटमध्ये आकडे लिहायचे, आमचे ४३००० (डाउनलोड मोजून ४८ एमबीपीएस येतं) आणि १७०००. मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्के, प्लॅनच्या आकड्याच्या नाही, आणि मोजायचं ते रात्री नऊला, सकाळी सातला नाही. रात्री सगळी कॉलनी नेटवर असते तेव्हा जे मिळतं तेच तुमचं खरं. क्यू डिसिप्लिनच्या टॅबमध्ये केक निवडा, आणि स्क्रिप्टमध्ये पीस ऑफ केक. लिंक लेयरच्या टॅबमध्ये इथरनेट विथ ओव्हरहेड, आकडा ४४. हा प्रत्येक पॅकेटच्या वेष्टनाचा हिशेब आहे, पोत्याचं वजन धरतात तसा, थोडा जास्त धरला तर नुकसान नाही, कमी धरला तर छोट्या पॅकेटांच्या वेळी गणित चुकतं. एनेबलवर खूण करा, सेव्ह अँड अप्लाय.

परत पिंग लावा, परत तीच फाईल अपलोड करा. आमच्याकडे ६४० चे २० झाले. मी दोनदा बघितलं खरंच अपलोड चालू आहे ना. आता बारीक बसवायचं: पिंग छान असेल तर आकडा पाचशे-हजार किलोबिटने वाढवत जा, ज्या ठिकाणी पिंग परत चढायला लागेल तिथून एक पायरी खाली या आणि थांबा. अपलोड आणि डाउनलोड वेगवेगळं बसवा, दोन्ही एकदम हलवू नका.

अभ्यासिकेसारख्या ठिकाणी अजून एक करा. केक मुळात कनेक्शन आणि माणूस दोन्ही बघून वाटणी करतो, पण राउटर सगळ्यांचे पत्ते एका पत्त्यामागे लपवतो त्यामुळे त्याला आतली माणसं वेगळी दिसत नाहीत. प्रगत पर्यायांमध्ये इनग्रेसच्या (आत येणाऱ्या) ओळीत nat dual-dsthost, इग्रेसच्या (बाहेर जाणाऱ्या) ओळीत nat dual-srchost, असे शब्द इंग्रजीत टाइप करा. मग टॉरेंट लावून ऐंशी कनेक्शन उघडणारा पोरगा आणि एकच लेक्चर बघणारी मुलगी यांना सारखाच वाटा मिळतो. चाळीस पोरं एमपीएससीचा अभ्यास करतायत तिथं हे फार गरजेचं आहे, फी सगळ्यांनी सारखीच भरलेली असते.

राउटर जुना असेल तर त्याच्या प्रोसेसरकडे बघा. आवळायचं काम प्रोसेसरच करतो, आणि जुन्या एका कोअरच्या डब्यांना शंभर एमबीपीएसच्या आसपास धाप लागते. तसं झालं तर केकऐवजी एफक्यू-कोडेल आणि सिंपल स्क्रिप्ट लावून बघा, ते हलकं पडतं.

ऑफिसमध्ये मायक्रोटिक असेल तर

आपल्याकडे केबलवाल्यांपासून ऑफिसापर्यंत मायक्रोटिक कंपनीचे राउटर भरपूर आहेत. त्यात राउटरओएस ७ असेल तर केक आणि एफक्यू-कोडेल दोन्ही आत आहेत, ६ वर असाल तर बॅकअप घेऊन अपडेट करा. क्यूजमध्ये क्यू टाइप्समध्ये नवीन टाइप बनवा, काइंड केक. मग सिंपल क्यू, टार्गेटमध्ये आतल्या नेटवर्कचा पत्ता, मॅक्स लिमिटमध्ये अपलोड १७ एम, डाउनलोड ४३ एम, आणि दोन्हीकडे तो नवीन टाइप निवडा. फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा नियम बंद करायला विसरू नका, तो चालू असला की पॅकेट सिंपल क्यूला चुकवून जातात, वर सांगितलेल्या ऑफलोडिंगचीच ही बहीण.

प्राधान्याचा मोह

ज्याला रांगा कळतात त्याला लगेच वाटतं, मग साहेबांचं मशीन पहिल्या नंबरला टाकू. एका ऑफिसात असंच लावलेलं होतं, कडक प्राधान्य, साहेबांची रांग रिकामी झाल्याशिवाय दुसऱ्या रांगेकडे बघायचंच नाही. एरवी चालत होतं. जुलैच्या अखेरीला रिटर्न भरायची घाई आणि नेमकं साहेबांच्या मशीनने विंडोजचं मोठं अपडेट ओढायला घेतलं, आणि बाकी सगळे टेबलवर हात बांधून बसले. कडक प्राधान्यात खालची रांग उपाशी मरू शकते, हा त्या पद्धतीचा स्वभावच आहे. द्यायचंच असेल तर त्याला वरून मर्यादा घाला. आवाजाला फारसं लागतही नाही, जुन्या जी.७११ पद्धतीच्या कॉललाही ६४ केबीपीएस आणि वर थोडं वेष्टन.

केकमध्ये लेयर केक स्क्रिप्ट घेतली की तीन कप्पे होतात: आवाज, साधं, आणि मागे राहिलं तरी चालेल असं, आणि वरच्या कप्प्याने आपल्या वाट्यापेक्षा जास्त खाल्लं की त्याचं प्राधान्य उतरतं. पण पॅकेटवर खूण बरोबर असेल तरच ते योग्य कप्प्यात पडतं, आयपी फोन साधारण ४६ नंबरची खूण लावतात, बाकी ॲप लावतील याचा नेम नाही, आणि नेटवरून येणाऱ्या पॅकेटांच्या खुणा वाटेत पुसल्याही जातात. ऑफिसात आयपी फोन असतील तर लेयर केक घ्या. घरी पीस ऑफ केक पुरे, न्याय्य वाटणीनेच नव्वद टक्के काम होतं असा माझा अनुभव आहे.

याने काय सुटत नाही

केबलवर पिंग छान आणि बेडरूममध्ये वायफायवर खराब, तर तो वायफायचा प्रश्न आहे, राउटरची जागा बदला, २.४ वरून ५ गिगाहर्ट्झवर या. घरात कुणी काही करत नसतानाही रात्री पिंग चढतं तर रांग नेटवाल्याच्या पुढे लागलीये, तिथं आपला केक पोचत नाही, पिंगचे वेळेसकटचे स्क्रीनशॉट काढून त्यालाच दाखवा, नुसतं स्लो आहे म्हणण्यापेक्षा याचा उपयोग होतो. आणि गावाकडे फोर-जी, फाइव्ह-जीच्या डब्यावर चालवत असाल तर वेग मिनिटामिनिटाला बदलतो, तिथं एकच आकडा बसत नाही. दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळेचा आकडा धरायचा, नाहीतर केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्ट आहे ती पिंग बघून आकडा आपोआप वर-खाली करते, आष्ट्याला मामाच्या घरी ती लावलीये आणि चांगली चालतीये.

एक शेवटचं काम राहिलं. राउटरच्या पाठीवर स्टिकर लावा आणि त्यावर मोजलेला वेग, टाकलेले आकडे आणि तारीख लिहा. दिवाळीला दादाने न सांगता प्लॅन १०० चा करून घेतला आणि पुढचा महिनाभर आम्हाला ४३ च मिळत होते, कारण राउटरला आम्ही सांगितलेलंच नव्हतं. प्लॅन बदलला, नेटवाला बदलला, डबा बदलला, की रात्री नऊला परत पिंग लावायचं आणि स्टिकरवरचा आकडा खोडून नवा लिहायचा.